हिवाळ्यातलं लोफोटेन, मुलांसह: तारखा ठरवण्यापासून परतीच्या दिवसापर्यंत

नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर हिवाळ्यात मुलांना घेऊन जायचं म्हटलं की पहिला प्रश्न थंडीचा येतो. खरं तर थंडी ही तिथली सगळ्यात सोपी अडचण आहे. बेटं ६८ अंश उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर असली, तरी अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे जानेवारी-फेब्रुवारीचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास राहतं. लेहचा जानेवारी याहून कितीतरी कडक असतो. सहली बिघडतात त्या तीन गोष्टींनी: वारा, बर्फ वितळून पुन्हा गोठल्यामुळे काचेसारखे झालेले रस्ते, आणि दिवसाचा अपुरा उजेड. तारखा, मुक्काम, गाडी आणि कपडे वरच्या तीन अडचणींकडे बघून ठरवा.

कधी जायचं

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी चार-पाच तास निळसर संधिप्रकाश असतो, तेवढाच. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. फोटोंसाठी तो प्रकाश सुंदर असतो, पण सहा वर्षांचं मूल तिसऱ्या दिवशी कंटाळतं.

२६ जानेवारीच्या आसपास सुमारे पाच तास दिवस मिळतो, फेब्रुवारीच्या मध्यावर साडेसात तास आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बारा. सगळं जुळून येतं ते साधारण १५ फेब्रुवारी ते १५ मार्च या काळात: पुरेसा उजेड, डोंगरावर बर्फ, रात्री अरोरासाठी (ध्रुवीय प्रदेशाच्या आकाशात दिसणारे रंगीत उजेड) काळोख आणि मासळीचा भर हंगाम. अडचण आपल्याकडच्या शाळेची. घरात दहावी-बारावीचं कोणी असेल तर हे वर्ष सोडून द्या. पाचवी-सहावीपर्यंतच्या मुलांचा एक आठवडा बहुतेक शाळा समजून घेतात. तेही जमत नसेल तर प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला जोडून जा. तेव्हा दिवस लहान असतो, पण सूर्य परतलेला असतो.

फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चच्या सुरुवातीला नॉर्वेतल्या शाळांनाही हिवाळी सुट्टी असते. त्या आठवड्यांत कुटुंबासाठीची घरं आधी संपतात, म्हणून मुक्काम पाच-सहा महिने आधी धरा. भाडं परत मिळणारं आरक्षण चार पैसे जास्त देऊनही घ्या.

व्हिसा आणि कागदपत्रं

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ४५ दिवसांपर्यंतही ताणू शकतं, म्हणून अडीच-तीन महिने आधी अर्ज टाका. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आणि सहा वर्षांखाली काही नाही. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. मुलांच्या अर्जावर आई आणि वडील दोघांच्या सह्या लागतात. एकच पालक सोबत जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र मूळ प्रतीत जवळ ठेवा.

सामान भरताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, चीज घरीच. भाजणी, मेतकूट, पोहे, डाळ-तांदूळ, मसाले, लोणचं, शेंगदाण्याची चटणी, चिवडा यांना अडचण नाही. पाकिटं बंद आणि वर नाव छापलेली असली म्हणजे तपासणीत वेळ जात नाही.

पोचायचं कसं

मुंबईहून ओस्लो, तिथून उत्तरेला. पुढचे तीन मार्ग असे:

पहिला, ओस्लो ते एवेनेस. हार्स्टा-नार्विकचा हा विमानतळ मुख्य भूमीकडे आहे, मोठी जेट विमानं उतरतात आणि वाऱ्यामुळे रद्द होण्याचं प्रमाण कमी. तिथून भाड्याची गाडी घेऊन स्वोल्वॅर, म्हणजे लोफोटेनमधलं मोठं गाव, सुमारे १६५ किलोमीटर. हिवाळ्यात तीन तास धरा, मुलांच्या थांब्यांसह चार. २००७ पासून हा रस्ता पूल आणि बोगद्यांनी सलग जोडलेला आहे, फेरीबोट लागत नाही. कुटुंबासाठी आमची पसंती याच मार्गाला.

दुसरा, ओस्लो ते बूदो (मुख्य भूमीवरचं किनारी शहर) आणि तिथून छोट्या पंख्याच्या विमानाने स्वोल्वॅर किंवा लेक्नेस. नकाशावर सगळ्यात जवळचा, पण या दोन्ही धावपट्ट्या जेमतेम ८०० मीटरच्या. आडवा वारा सुटला की उड्डाणं रद्द होतात आणि पुढच्या विमानात चार जागा एकत्र मिळतीलच असं नाही.

तिसरा, बूदोहून बोट. किनाऱ्याने चालणारं प्रवासी जहाज दुपारी निघून संध्याकाळी सातच्या सुमारास स्टामसुनला आणि नऊच्या सुमारास स्वोल्वॅरला पोचतं. केबिन घेता येते, जेवण मिळतं, मुलांना मजा येते. बूदो ते मोस्केनेस ही गाड्या नेणारी फेरीबोट साडेतीन-चार तासांची. ती वेस्टफ्योर, म्हणजे बेटं आणि मुख्य भूमी यांच्यातला उघडा समुद्र, ओलांडते आणि हिवाळ्यात चांगलीच हलते. मुलांना गाडी लागत असेल तर मळमळीचं औषध डॉक्टरांना विचारून आणा आणि निघण्याच्या तासभर आधी द्या. उलट्या सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात राहत नाही.

ओस्लोला दोन विमानांत किमान तीन-साडेतीन तास ठेवा. सामानावर शेवटच्या विमानतळाची चिठ्ठी लागली असली तरी ते ओस्लोला घेऊन सीमाशुल्कातून न्यावं लागू शकतं. मुंबईत चेक-इन करतानाच हे विचारून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे पहिली रात्र ओस्लो विमानतळाजवळ काढा आणि सकाळी उत्तरेला निघा. म्हणजे एवेनेसहून पुढचा रस्ता थकलेल्या डोळ्यांनी अंधारात कापावा लागत नाही.

मुक्काम: दोनच ठिकाणं

स्वोल्वॅरपासून ई-१० रस्ता जिथे संपतो त्या ओ गावापर्यंत अंतर सुमारे १३० किलोमीटर. उन्हाळ्यात एका दिवसात पाहून होतं, म्हणून अनेक जण हिवाळ्यातही रोज नवं गाव धरतात. तसं केलं की उजेडाचे निम्मे तास सामान भरण्या-उतरवण्यात जातात.

नऊ रात्रींची मांडणी अशी करावी: ओस्लो एक रात्र, स्वोल्वॅर, काबेल्वोग किंवा हेनिंग्सवॅर यांपैकी एका ठिकाणी तीन रात्री, पश्चिमेला हामनॉय, साक्रिसॉय, रेइने या भागात तीन, मग परत स्वोल्वॅर किंवा एवेनेसजवळ एक, आणि शेवटची ओस्लोला. आठवी रात्र वाया गेल्यासारखी वाटते, पण तीच सहल वाचवते. रामबर्गपासून रेइनेपर्यंतचा रस्ता डोंगर आणि समुद्र यांच्या मधून जातो. हिमस्खलनाच्या धोक्यामुळे किंवा वादळामुळे तो काही तास, क्वचित दिवसभरही बंद होतो. दुसरा रस्ता नाही. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री या टोकाला राहू नका.

राहायला रोर्बू घ्या. हंगामात बाहेरगावहून वल्हवत येणाऱ्या मच्छीमारांसाठी बांधलेल्या या लाकडी खोल्या. राजा ऑयस्टीनने ११२० च्या सुमारास काबेल्वोगजवळ अशी घरं बांधवली, तेव्हापासूनची ही पद्धत. आताच्या रोर्बूंत गरम फरशीचं न्हाणीघर, दोन शयनखोल्या आणि पूर्ण स्वयंपाकघर असतं. आरक्षण करताना चार गोष्टी विचारा: चादरी-टॉवेल भाड्यात आहेत का, शेवटच्या साफसफाईचे पैसे वेगळे का, गाडी दारापर्यंत येते का, आणि धक्क्याला कठडा आहे का. शेवटचा प्रश्न लहान मुलांसाठी. कित्येक रोर्बू खांबांवर, पाण्याच्या वरच उभ्या असतात. दाराबाहेरच्या गोठलेल्या फळ्यांवरून पाय घसरला तर मूल थेट चार-पाच अंशांच्या पाण्यात. दार आतून बंद ठेवणं आणि धक्क्यावर मोठ्याचा हात धरणं, हे दोन नियम पहिल्याच संध्याकाळी लावून टाका.

रोज सकाळी बघायचा आकडा

नॉर्वेच्या हवामान सेवेचं 'इर' हे ॲप मोफत आहे. त्यात तापमानाआधी वारा बघा. आकडा मीटर प्रति सेकंदात असतो; ताशी किलोमीटर हवे असतील तर ३.६ ने गुणा. मुख्य आकड्याशेजारी झोताचा आकडा असतो, निर्णय त्यावर घ्यायचा.

झोत ८ पर्यंत असतील तर दिवस मोकळा. १० ते १४ असताना लहान मुलांना उघड्या किनाऱ्यावर उभं राहवत नाही. संग्रहालय, गाव, बंदर असं आडोशाचं काही धरा. १५ च्या वर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटरच्या पुढे, लांबचा प्रवास टाळा आणि बोटीची सहल रद्द होणार हे धरून चाला. २० च्या वर रोर्बूत पत्ते खेळा. पूल अशाच दिवशी बंद होतात.

रस्त्यांची स्थिती १७५ या क्रमांकावर इंग्रजीतही विचारता येते. हिमस्खलनाचा अंदाज 'वार्सोम' या सरकारी संकेतस्थळावर १ ते ५ अशा पातळ्यांत मिळतो. ३ किंवा वर असेल तर उतारांच्या पायथ्यालाही रेंगाळू नका. आणि रेइनेब्रिंगेनची प्रसिद्ध दगडी पायऱ्यांची चढण हिवाळ्यात विसरा. पायऱ्या बर्फाखाली असतात आणि तो उतार हिमस्खलनाचाच आहे. मुलांसह तर नाहीच, एकट्यानेही नाही.

गाडी

आधी एक स्पष्ट मत. बर्फावर कधीच गाडी चालवलेली नसेल, रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याचीही सवय नसेल आणि सोबत लहान मुलं असतील, तर गाडी घेऊच नका. बूदोहून जहाजाने स्वोल्वॅरला या, तिथेच राहा आणि स्थानिक चालकाच्या व्हॅनमधून दिवसाच्या सहली करा. पश्चिम टोकाचे दोन दिवस कमी होतील, बाकी फारसं हुकत नाही. ई-१० वर सार्वजनिक बसही धावते, पण हिवाळ्यात फेऱ्या मोजक्या असतात, वेळापत्रक आधी बघावं लागतं.

गाडी घेणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून मूळ परवान्यासोबत ठेवा. ऑटोमॅटिक मागा. टायर खिळ्यांचे मागा. उत्तर नॉर्वेत ते १६ ऑक्टोबर ते ३० एप्रिल वापरता येतात. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला योग्य आसन कायद्याने बंधनकारक आहे, ते आरक्षणातच नोंदवा. भाड्याने विजेवरची गाडी बरेचदा मिळते. थंडीत तिचा पल्ला चतुर्थांश ते तृतीयांशाने घटतो हे धरून स्वोल्वॅर आणि लेक्नेसला चार्ज करत चला.

सगळ्यात फसवं तापमान उणे दहा नव्हे, तर शून्य ते अधिक दोन. रस्ता नुसता ओला दिसतो आणि खाली पारदर्शक बर्फ असतो. पुलांवर आणि बोगद्याच्या तोंडाशी हे हमखास. ब्रेक, स्टिअरिंग, ॲक्सिलरेटर यांतलं काहीही झटक्यात करू नका. पुढच्या गाडीपासून सहा सेकंद अंतर ठेवा. गावाबाहेर वेगमर्यादा ८० असली तरी ५०-६० ने जायला कोणी मनाई केलेली नाही. मागे रांग लागली की निळ्या पाटीवर 'एम' लिहिलेल्या रुंद जागेत बाजूला व्हा आणि तिला जाऊ द्या. फोटोसाठी रस्त्यात थांबू नका. लोफोटेनचे लोक पर्यटकांवर वैतागतात ते मुख्यतः याच कारणाने.

भाड्याच्या गाड्यांचं एक नुकसान इथे नेहमीचं आहे: वाऱ्याने दार हिसकावून बिजागरीतून वाकणं. कित्येक विम्यांत ते धरलेलं नसतं, म्हणून करार वाचा. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा, दार दोन्ही हातांनी धरून उघडा आणि मागची दारं मुलांना उघडू देऊ नका; मुलांसाठीचं कुलूप लावूनच ठेवा. गाडीत ब्लँकेट, थर्मास, खाऊ, टॉर्च आणि काचेवरचा बर्फ खरवडायची पट्टी असावी.

कपडे

तीन थर. अंगालगत मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक थर्मल, मध्ये फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, वर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं जॅकेट आणि पँट. सुती बनियन आणि जीन्स नकोत. सूत घाम धरून ठेवतं आणि वारा लागला की अंग गार पडतं. इथे बर्फापेक्षा गारांचा पाऊस आणि चिखल-बर्फ जास्त, त्यामुळे नुसतं फुगीर पिसांचं जॅकेट भिजून चपटं होतं आणि उबच राहत नाही.

सात-आठ वर्षांखालच्या मुलांना अंगभर एकसंध बर्फाचा सूट घ्या. कंबरेतून वारा शिरत नाही. बूट एक माप मोठे, कारण आत लोकरीचे मोजे हवेत. दोन मोजे कोंबून घट्ट झालेल्या बुटात पाय जास्त गार पडतात. हातमोजे मुलांसाठी चार बोटं एकत्र असणारे, दोन जोड, आणि ते बाहीला नाडीने बांधून ठेवा.

बुटाखाली चढवायचे खिळ्यांचे पट्टे तिथल्या किराणा किंवा क्रीडा दुकानात मिळतात; 'ब्रोडर' मागा. मुलांची मापं वेगळी असतात. आजी-आजोबा सोबत असतील तर पहिल्याच दिवशी घ्या, कारण या सहलीत मोडतं ते मनगट किंवा खुबा, आणि तेही बहुतेक वेळा हॉटेलच्या वाहनतळावर. दुकानात शिरताना पट्टे काढा, गुळगुळीत फरशीवर ते उलटे घसरतात. सगळ्यांच्या जॅकेटला परावर्तक पट्टी लावा. चार वाजता अंधार पडणाऱ्या गावात चालकाला तीच दिसते.

रोर्बूतलं स्वयंपाकघर

बाहेर रोज जेवणं चौघांना परवडणारं नाही. साध्या उपाहारगृहातही एका मुख्य पदार्थाला अडीचशे-तीनशे क्रोनर सहज जातात, आणि क्रोनर साधारण आठ-नऊ रुपयांचा. मोठी किराणा दुकानं स्वोल्वॅर आणि लेक्नेसला. रविवारी बहुतेक बंद, म्हणून शनिवारी दुपारपर्यंत खरेदी उरका. दूध, दही, अंडी, बटाटे, कांदे, गाजर, कोबी सगळं मिळतं. नळाचं पाणी थेट प्या, बाटल्या विकत घेऊ नका.

बऱ्याच घरांत इंडक्शनची शेगडी असते. ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही. इंडक्शनवर चालणारा दोन-तीन लिटरचा स्टीलचा कुकर न्या. आणि फोडणी जपून. लाकडी घरात धुराचा गजर फार संवेदनशील असतो, काही ठिकाणी तो थेट अग्निशमन दलाशी जोडलेला असतो आणि खोट्या गजराचे पैसे पाहुण्याकडून घेतात. आधी चिमणी पूर्ण वेगात लावा, तेल कमी तापवा, मिरची फोडणीत न टाकता नंतर घाला. गजरावर पिशवी बांधण्याची युक्ती करू नका, ते बेकायदा आहे आणि घर लाकडाचं आहे.

मासळीचा हंगाम

जानेवारी ते एप्रिल बॅरेंट्स समुद्रातला कॉड अंडी घालायला वेस्टफ्योरात उतरतो. या स्थलांतरी कॉडला स्क्रेई म्हणतात, आणि हजार वर्षांपासून ही बेटं त्याच्यावर जगत आली आहेत. पकडलेला मासा साफ करून, जोडीजोडीने शेपट्या बांधून, लाकडी मांडवांवर फेब्रुवारीपासून मेपर्यंत टांगतात. मीठ लावत नाहीत. आपल्याकडे बोंबील बांबूंवर उन्हात वाळतात. इथे वाळवतो तो शून्याच्या आसपासचा वारा. थंडी फार वाढली तर मासा गोठून त्याचा पोत बिघडतो, ऊब वाढली तर कुजतो आणि माश्या बसतात. लोफोटेनचं हवामान नेमकं मधलं. उत्तम प्रत इटलीला जाते, वाळवलेली डोकी नायजेरियाला.

हे बघायला हेनिंग्सवॅर, बाल्स्टा किंवा रेइनेच्या बंदरात दुपारनंतर जा, बोटी तेव्हा परततात. फोर्कलिफ्टच्या वाटेत मुलांना सोडू नका, मांडवाखाली शिरू नका, मासा ओढून बघू नका. कॉडच्या जिभा कापून विकण्याचं काम परंपरेने शाळकरी मुलांचं. आपल्या मुलांच्याच वयाची पोरं सुरी चालवताना दिसली तर नवल नाही.

ताजा स्क्रेई मिळाला तर तुकडे जाड, तीन सेंटिमीटरचे घ्या. तिथली पद्धत: पाण्याला समुद्राइतकं मीठ, उकळी आली की आच बंद, मासा घालून झाकण, सात-आठ मिनिटं. आपला रस्सा करायचा असेल तर रस्सा पूर्ण शिजवून आच मंदावल्यावर शेवटी मासा सोडा आणि डाव फिरवू नका. हा मासा सुरमईसारखा घट्ट नाही, पाकळ्यांनी सुटतो.

वादळाच्या दिवशी बोर्गचं व्हायकिंग संग्रहालय धरा. ८३ मीटर लांबीचं सरदाराचं घर तिथे उत्खननावरून पुन्हा उभारलं आहे आणि मुलं दोन तास रमतात. हिवाळ्यात सगळ्याच संग्रहालयांच्या वेळा कमी असतात, आदल्या दिवशी तपासा.

अरोरा

लोफोटेन अरोराच्या पट्ट्याखालीच आहे. अरोराची तीव्रता सांगणारा केपी निर्देशांक (० ते ९) १-२ असला तरी पुरतो. मुद्दा ढगांचा. आकाश दर तासाला बदलतं, म्हणून मुलांना घेऊन मध्यरात्री शंभर किलोमीटर धावण्यापेक्षा रोर्बूचे दिवे मालवून दर अर्ध्या तासाने दारातून उत्तरेला बघणं जास्त फळतं. मोकळी उत्तर हवी असेल तर हाउकलान, उत्ताक्लाइव आणि स्कागसान्देन हे किनारे चांगले.

भारतापेक्षा तिथली वेळ साडेचार तास मागे. रात्री दहा म्हणजे मुलांच्या शरीराला पहाटेचे अडीच. पहिल्या दोन रात्री अरोराचा नाद सोडा; तिसऱ्या दिवसापासून दुपारी चारला दीड तास झोपवा. कॅमेरा तिपाईवर, फोकस अनंतावर हाताने, आयएसओ १६०० ते ३२००, ५ ते १० सेकंद. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

तब्येत आणि परतीचा दिवस

रुग्णवाहिका ११३, पोलीस ११२, आग ११०. रात्री ताप, कानदुखी अशा तातडीच्या पण जीवावर न बेतलेल्या कारणासाठी ११६११७. साधी पॅरासिटामोल तिथल्या किराणा दुकानातही मिळते, मात्र मुलांची नेहमीची औषधं, प्रतिजैविकांसह, चिठ्ठीसकट घरून न्या. तिथे प्रतिजैविक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

परतीला स्वोल्वॅरहून एवेनेससाठी विमानाच्या सहा तास आधी निघा. काचेवरचा बर्फ काढायला पंधरा मिनिटं जातात. गरम पाणी ओतू नका, काच तडकते. टाकी विमानतळाच्या आधी भरा, आणि गाडी परत देण्याआधी चारही बाजू, दारांच्या बिजागऱ्या आणि समोरची काच यांचे फोटो उजेडात काढून ठेवा. खिळ्यांच्या टायरने उडवलेल्या खड्यांचे टवके काचेवर पडतात, आणि त्यावरून वाद होतो तो दोन आठवड्यांनी, बिल हातात आल्यावर.